भोक नसलेलं झाकण

७ मे, गुरु.

स्टोअरचा एसी आज पूर्ण गेला. मेकॅनिक गोंदियाहून इथे देवरीला येणार, 'दो दिन में'. त्याचे दोन दिवस मला ठाऊक आहेत.

स्टोअर म्हणजे डायलिसिसच्या खोलीला चिकटून असलेली पत्र्याची खोली. तोंड पश्चिमेला. दुपारी तीनला भिंतीवर हात ठेववत नाही. आंबटचे दोन कॅन तिथेच. धुतलेल्या डायलायझरमध्ये, म्हणजे रक्त गाळायच्या नळकांड्यात, जंतू मारायला भरतो ते. नाव लांबलचक आहे. वासावरून आमच्या अटेंडंट भागरताबाईंनी 'आंबट' ठेवलं आणि आता डॉक्टर सरही आंबटच म्हणतात.

उन्हाने वास इतका की चौघेही पेशंट नाकाला रुमाल लावून. दोन नंबरच्या मशीनवर कटरे गुरुजी. चौथीत मला शिकवलं त्यांनी. दोनदा ओकले. "बेटा, लोणच्याची बरणी कोणी डोक्यावर उपडी केल्यासारखं होते."

वास झाकणातून येतो. झाकणाला मध्ये बारीक छिद्र आहे. आंबट आतल्या आत सुटत राहतं, त्याचा गॅस होतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी. म्हणून छिद्र. नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. उभं ठेवायचं, थंड ठेवायचं, वाट बंद करायची नाही.

आरओच्या रिकाम्या कॅनची झाकणं पडून होती. बिनछिद्राची, आटे तेच. दोन्ही कॅनना लावली. घट्ट. जुनी झाकणं ड्रॉवरमध्ये.

चार दिवसांचा तर प्रश्न. एसी आला की बदलेन. अर्ध्या तासात वास गेला.

८ मे, शुक्र.

मॅनेजर साहेब राऊंडला. "अरे वा सिस्टर, आज तो खटाई नहीं!" मी नुसती हसले.

११ मे, सोम.

गुरुजी पूर्ण चार तास नीट झोपले. जाताना डोक्यावर हात ठेवला. "माझ्या शाळेतली पोरगी आहे ही," शेजारच्या पेशंटला सांगत होते. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.

मेकॅनिक नाही.

१४ मे, गुरु.

मेकॅनिक नाही. फोन उचलत नाही. ऊन वाढतच आहे. झाकणांचं दोनदा आठवलं, दोन्ही वेळा हातात दुसरं काम.

१६ मे, शनि.

भागरताबाई दुपारी आल्या. मी रजिस्टर लिहीत होते.

"शिस्टर, आंबटची डबकी फुगून राहिली जी."

"किती?"

"पोट आलं तिले. दोघींलेही."

मी उठून पाहायला हवं होतं. 'बरं, सोमवारी पाहते' म्हटलं आणि मान वर केली नाही. वर केली असती तर त्यांनी तोंड पाहिलं असतं माझं.

हे झाकण श्वास घेते, ह्याचं नाक कधी दाबायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलेलं. दोन वर्षांपूर्वी. त्यांना लिहिता वाचता येत नाही, म्हणून बोट धरून छिद्र दाखवलं होतं.

त्यांच्यासमोर झाकण कसं बदलू? सोमवारी त्या यायच्या आत जाऊन करेन.

१९ मे, मंगळ.

काल लिहिता आलं नाही. आज जमेल तेवढं.

काल सकाळी लवकर जाणार होते. सासूबाईंना ताप, उशीर झाला. गेले तोवर पेशंट येऊन बसलेले, भागरताबाई फरशी पुसत होत्या. म्हटलं, चौघांना मशीनवर घेते, मग त्यांना चहाला पाठवून बदलते.

साडेअकराच्या सुमारास. मी एक नंबरवर सुई लावत होते. ट्रकचा टायर फुटतो तसा आवाज. मग भागरताबाईंची किंकाळी.

धावले. त्या जमिनीवर, दोन्ही हात तोंडावर. कॅनचं झाकण उडून कोपऱ्यात. सगळीकडे आंबट, डोळे उघडता येत नव्हते. त्यांना ओढत नळाखाली नेलं. मग सलाइनच्या बाटल्या. उजवा डोळा बोटांनी उघडून धरला आणि ओतत राहिले, वीस मिनिटं तरी. एवढं मी बरोबर केलं. एवढंच.

ओतताना त्या काय म्हणत होत्या तर, "पेशंटकडे पाहा जी तुमी. मी धरतो डोरा."

मग त्यांनीच सांगितलं, पेशंटपासून तो कॅन दूर न्यायला गेल्या होत्या. जास्तच फुगला दिसला, मधली भिंत पातळ, पलीकडे गुरुजी झोपलेले. उचलला तर कुरकुरला, म्हणून आधी झाकण जरा ढिलं करावं म्हटलं.

अॅम्ब्युलन्सने गोंदियाला पाठवलं, तिथून नागपूर. मुलगा सोबत.

डॉक्टर सर तेव्हा नव्हते. फोनवर म्हणाले, मशीनमधलं रक्त पेशंटना परत देऊन सगळ्यांना व्हरांड्यात घ्या. घेतलं. दुसरा कॅन तसाच टम्म. चष्मा, मास्क, रबरी हातमोजे घातले, लांबून पाइपने त्यावर पाणी मारत राहिले. कितीतरी वेळ. मग ओलं फडकं टाकून झाकण केसभर फिरवलं. फुस्स. बराच वेळ फुस्स.

आणि मग.

मॅनेजर साहेब गाडी लावून वर येईपर्यंत पाच मिनिटं होती. ड्रॉवरमधून छिद्राचं झाकण काढून त्या कॅनला लावलं. फुटलेल्या कॅनचं कोपऱ्यातलं झाकण आणि हातातलं झाकण, दोन्ही कचऱ्याच्या लाल पिशवीत. पिशवीचं तोंड बांधलं. हात थरथरत नव्हते. हे लिहून ठेवते. हात अजिबात थरथरत नव्हते.

आज संध्याकाळी कचऱ्याची गाडी येऊन पिशवी घेऊन गेली. मी खिडकीतून पाहिलं.

एसीवाला आज तासाभरात आला.

२० मे, बुध.

रिपोर्ट. मॅनेजर साहेबांनी टाइप करून आणला. 'अटेंडंटने परवानगी न घेता रसायनाचा कॅन हाताळला व झाकण उघडण्याचा प्रयत्न केला.'

त्यात खोटं एकही वाक्य नाही.

"साक्षीदार म्हणून तुमची सही. देखो सिस्टर, चौकशी लागली तर पहिले युनिट बंद होईल. मग हे सारे पेशंट हफ्त्यातून दोनदा गोंदियाला जातील का? गुरुजी जातील?"

केली सही.

घरी ह्यांनी विचारलं, काय झालं तिकडे? अटेंडंटला लागलं म्हटलं. बिचारी, म्हणाले आणि बातम्या लावल्या.

२२ मे, शुक्र.

नागपूरहून मुलाचा फोन. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरं आलं. घरी सोडलं. थेंब टाकायचे, चार आठवड्यांनी परत बोलावलं, तेव्हा सांगणार नजर परत येईल की नाही. गालावरची कातडी निघाली होती, ती भरेल म्हणतात.

जेवण गेलं नाही. मग भूक लागली आणि जेवले. त्याचीही लाज वाटली.

२४ मे, रवि.

चिचगडला गेले, भागरताबाईंच्या घरी. सफरचंदं, नारळपाणी. बस रिकामी, सगळं गाव विडीची तेंदूपानं तोडण्यात. अंगणभर पुडे वाळत घातलेले, सून त्यातून वाट काढत आली.

भागरताबाई ओसरीत. डोळ्यावर हिरवं फडकं, गाल काळानिळा. मला पाहून उठायला लागल्या. मी बसा बसा म्हणते तरी उठल्याच.

"मीच हात लावला जी. तुमी मले शिकवलं होतं, विचारल्याबिगर हात लावाचा नाई म्हनून. माह्यापाई तुमाले बोलनं खावं लागलं असन."

मी काय म्हणाले? 'असू द्या' म्हणाले. असू द्या!

सुनेने चहा आणला. भागरताबाई जरा वेळाने म्हणाल्या, "एक गोष्ट बोलू का? त्या झाकनाले भोक नोतं. मले वाटलं, कंपनीनं बदललं असन. मी अडानी, मले का समजते."

कप हातात होता. तोंडाला लावला. कपात पाहत पाहत सगळा चहा प्यायले.

बसमध्ये बसल्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

२५ मे, सोम.

नवतपा लागला आज, उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस. गुरुजी मशीनवर. मी बीपी घेत होते.

हळूच म्हणाले, "वास मी म्हटलं म्हणून तू झाकणं बदललीस ना?"

मी पट्टा सोडला नाही, हवा तशीच भरलेली.

"दरवाजा उघडा होता त्या दिवशी. मी पाहत होतो. मला काय माहीत त्यात काय असते. मी तर खूश झालो." मग, "मी कोणाला सांगणार नाही. पण माझ्या नाकापायी बाईचा डोळा गेला, हे मला माहीत आहे."

त्यांनी रागवायला हवं होतं. चौथीत पाढे चुकले तर छडी मारायचे.

२८ मे, गुरु.

मॅनेजर साहेब: भागरताबाईंचं कॉन्ट्रॅक्ट जूनपासून पुढे नाही. "नियम तोडला त्यांनी. रिपोर्टमध्येच आहे." रिपोर्टखाली माझी सही आहे.

मी म्हटलं, दहा वर्षं काम केलं हो त्यांनी. "म्हणूनच त्यांना समजायला पाहिजे होतं," म्हणाले.

२९ मे, शुक्र.

नवी अटेंडंट आली. देवरीचीच, नम्र, सगळं वहीत लिहून घेते. मॅनेजर साहेब स्वतः सोबत. "सिस्टर, आंबटचं आधी समजावा. पहिल्या बाईंसारखं नको."

स्टोअरमध्ये नेलं. थंडगार. नवे कॅन आलेत. तिने वही उघडली.

"हा कॅन उभा ठेवायचा. ऊन नको. काढलेलं परत आत ओतायचं नाही, लोखंडाचं काही लावायचं नाही. आणि झाकण..."

बोट छिद्रावर ठेवलं. ती पेन धरून वाट पाहत राहिली. मॅनेजर साहेब म्हणाले, "सिस्टरांना गर्मी लागली, पाणी द्या."

बाथरूममध्ये जाऊन बसले. रडू आलं नाही. कधीचं येत नाही.

३१ मे, रवि.

चिचगड. आज काही घेऊन गेले नाही.

तांदूळ निवडत होत्या. एका डोळ्याने. सूप पार तोंडाशी धरलेलं.

उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर पुन्हा चहा आला असता.

"बाई, झाकणं मी बदलली होती. कंपनीने नाही."

"कोनती?"

"आंबटची. बिनछिद्राची मी लावली. वास येत होता म्हणून."

सूप खाली ठेवलं.

"शनवारी मी तुमाले सांगतलं. फुगून राहिली म्हनून."

"हो."

"तवा तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं? 'बाई, हात नोको लावू', येवढंच सांगाचं होतं."

"लाज वाटली."

"कोनाची?"

"तुमची. मीच तुम्हाला शिकवलं होतं."

सून दारात येऊन उभी. मग भागरताबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "तुमाले लाज वाटली, अन् डोरा माहा गेला."

मी पाया पडायला वाकले. पाय मागे घेतले त्यांनी.

"डोऱ्याचं जाऊ द्या. तुमी त्या रोजी माह्या घरी बसून चाय पेली. मी माफी मांगून राहिली होती, अन् तुमी चाय पेऊन राहिल्या होत्या. रोज मी देवाले म्हनतो, माह्या हातानं शिस्टरचं नुकसान झालं. रोज म्हनतो जी मी."

मग म्हणाल्या, "जा आता. बस सुटन."

बसला दोन तास होते. स्टँडवर बसून राहिले.

१ जून, सोम.

ह्यांना सगळं सांगितलं. पहिलं वाक्य: "कोणाला माहीत आहे?" मग, "सांगितलंस ना त्या बाईला? झालं मग. आता गप राह."

मलाही एक क्षण वाटलं, झालं.

भागरताबाईंची नोकरी गेली ती गेलीच आहे. कागदावर चूक त्यांची आहे ती आहेच. काय झालं?

२ जून, मंगळ.

पत्र लिहिलं. एक पान. झाकणं मी बदलली, कॅन फुगल्याचं भागरताबाईंनी मला दोन दिवस आधी सांगितलं, मी दुर्लक्ष केलं, नंतर झाकणं मी फेकली. मॅनेजर साहेबांना नेऊन दिलं.

वाचलं. दार लावून घेतलं. "आप पागल हो क्या?" मग मराठीत, "पुरावा काय आहे?"

"मी सांगते आहे ना."

"झाकण कुठे आहे?"

"कचऱ्यात गेलं. लिहिलं आहे त्यात."

"फिर? झाकण नाही तर गोष्ट नाही. तुमचं रजिस्ट्रेशन जाईल सिस्टर. युनिट बंद होईल. गुरुजी मरतील, ते चालेल?" पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं.

परत आले. कामाला लागले. खरं सांगते, ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज ऐकून हलकं वाटलं. ह्याहून लाज वाटण्यासारखं ह्या वहीत काही नसेल.

४ जून, गुरु.

गुरुजींना सांगितलं. पत्राचं, ड्रॉवरचं, युनिट बंद होण्याचं. वाटलं होतं म्हणतील, जाऊ दे बेटा, तू तुझ्याकडून केलंस.

म्हणाले, "युनिट बंद झालं तर मी गोंदियाला जाईन. बस आहे. नाही झेपलं तर नाही. पण तू माझ्या नावावर गप्प राहू नको. माझं नाव त्यासाठी नाही."

मग दुसरं पत्र लिहायला लावलं. थेट युनिट चालवणाऱ्या ट्रस्टच्या अध्यक्षांना. खाली त्यांनीही लिहिलं, 'झाकणे बदलताना मी पाहिले आहे.' सुईचा हात हलवता येत नाही म्हणून डाव्या हाताने. अक्षर वाकडंतिकडं. माझ्या वहीत कधी असं अक्षर दिसलं असतं तर फाडलं असतं त्यांनी.

पोस्टातून नाही पाठवलं. सुटी झाल्यावर अध्यक्षांच्या घरी जाऊन हातात दिलं. धानाच्या गोदामाच्या बाहेर उभे होते. घडी उघडली, वाचलं, पुन्हा घडी केली. "ठीक आहे बाई," एवढंच.

८ जून, सोम.

चौकशी शुक्रवारी, अकरा वाजता, ट्रस्टच्या ऑफिसात. तोपर्यंत मी कामावरच, कारण दुसरी सिस्टर नाही.

मॅनेजर साहेब बोलत नाहीत. नवी अटेंडंट माझ्याकडे पाहते आणि वहीत बघते. कोणीतरी सांगितलं असणार.

तिला आज झाकणाचं समजावलं. पूर्ण. मी काय केलं तेही सांगितलं. तिने ते लिहून घेतलं नाही, पेन खाली ठेवून ऐकलं.

१० जून, बुध.

ह्यांचं बोलणं बंद. सासूबाईंना काही माहीत नाही, त्या विचारतात भाजी अळणी का.

नोकरी गेली तर काय, हे आज पहिल्यांदा नीट मोजलं. घाबरले. घाबरल्यावर पत्र परत घेता येईल का असंही मनात आलं. आलं म्हणून लिहिलं.

११ जून, गुरु.

दुपारी भागरताबाईंचा फोन. मुलाच्या फोनवरून. आधी वाटलं डोळ्याचं काही, पण नागपूरची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

"उद्या मीटिंग हाये म्हनते. पोरानं आयकलं देवरीले."

"हो."

"मी बी येतो."

मी म्हटलं, ऊन आहे, डोळ्याला धूळ लागेल, तुम्ही कशाला. मी सगळं सांगते, लिहूनही दिलं आहे.

"लिवलेलं मले वाचता येत नाई जी. तुमी सगळ्यांसमोर कसं सांगता तं मले आयकाचं हाये. मंग मी ठरवीन."

काय ठरवणार, विचारलं. फोन ठेवला होता त्यांनी.

नऊच्या बसने येतील. न्यायला येऊ का, हेही विचारायचं राहिलं. साडेआठलाच जाऊन उभी राहते स्टँडवर. सोबत चालू नका म्हणाल्या तर मागून चालेन.